हेल्थ पोस्टच्या रजिस्टरमधून संशोधन: आरोग्य सेविकांची टीम घडवताना

मुंबईत पालिकेसाठी घरोघर फिरून आरोग्याच्या नोंदी घेणारी एखादी आरोग्य सेविका वर्षभरात किती फॉर्म भरते याचा हिशेब तिच्याकडेही नसतो. पावसाळ्यात तापाचं सर्वेक्षण, मग क्षयरुग्ण शोधमोहीम, कुष्ठरोग, पल्स पोलिओ. २०२२ च्या नोव्हेंबरात गोवंडीत गोवराची साथ होती तेव्हा लस न मिळालेली मुलं शोधत गल्लीगल्लीत फिरल्या त्या याच बायका. त्यांनी आणलेल्या माहितीवर अहवाल होतात, थिसिस होतात. पण त्या माहितीतून काय निघालं हे त्यांना सांगायला सहसा कोणी परत येत नाही. मला हे फार सलतं.

हा लेख दवाखान्यातल्या आणि हेल्थ पोस्टवरच्या (वस्तीतल्या छोट्या आरोग्य केंद्रावरच्या) एमओ (वैद्यकीय अधिकारी), पीएचएन (सार्वजनिक आरोग्य परिचारिका), समन्वयक आणि मेडिकल कॉलेजातल्या पीएसएमच्या (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) शिक्षकांसाठी आहे. आपल्या टीमला संशोधन शिकवायचं असेल तर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत काय करायचं ते यात लिहिलं आहे. माझं मत अगदी साधं आहे. दोन दिवसांच्या वर्कशॉपने हे कौशल्य येत नाही. आपल्याच रजिस्टरमधला एक प्रश्न घेऊन, त्याचं उत्तर मिळेपर्यंत टीमने एकत्र चालायचं, मग येतं.

पहिल्या पायरीवरची माणसं संशोधन करू शकतात का, अशी शंका अजूनही घेतली जाते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत गाठी येणारा ताप हा प्लेग आहे हे ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस वस्तीत प्रॅक्टिस करणारे डॉक्टर होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या स्थानिक स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला आणि त्याच्या नोंदी ठेवायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होता आणि हे काम १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या स्त्रियांपैकी कोणी डॉक्टर नव्हती.

टीम आणि वेळापत्रक

सहा-सात जण पुरेत. एक एमओ, पीएचएन किंवा एक सीनिअर सिस्टर, एक एएनएम (सहाय्यक परिचारिका प्रसाविका) आणि तीन-चार सेविका. सेविका एकच घेऊ नका, ती मीटिंगमध्ये बोलत नाही. तिघी असल्या की एक बोलते, दुसरी तिला दुरुस्त करते आणि मग गप्पा सुरू होतात.

बाहेरचा एक मार्गदर्शक लागतोच. मुंबईत ही सोय इतर शहरांपेक्षा बरी आहे. पालिकेचीच केईएम, नायर, सायन आणि कूपर ही मेडिकल कॉलेजं आहेत आणि त्यांच्या पीएसएम विभागांना वस्तीत काम करायची सवय आहे. धारावीतलं ‘छोटा सायन’ किंवा मालवणीचं केंद्र ही त्याचीच उदाहरणं, तुम्हाला माहीत असतीलच. पत्र लिहिण्याआधी स्वतः जाऊन भेटा. शिकवायची हौस असलेला एक तरी असोसिएट प्रोफेसर किंवा उत्साही रेसिडेंट सापडतो.

आठवड्यातून दीड तास, ठरलेल्या दिवशी, लसीकरणाचा दिवस सोडून. हा दीड तास कामाच्या वेळेतच हवा. सुट्टी झाल्यावर बायकांना थांबवून संशोधन शिकवणं मला मान्य नाही. त्यांना घरी पाणी भरायचं असतं, मुलांचं बघायचं असतं. मानधनावर काम करणाऱ्या सेविकेला जादा फेऱ्या पडणार असतील तर प्रवासखर्च आणि त्या दिवसाचा मोबदला कुठून येणार हे आधी ठरवा. नाहीच जमलं तर फेऱ्या कमी करा.

वर्षाचं गणित मुंबईच्या ऋतूंवर बसवा. जून ते सप्टेंबर मलेरिया, डेंग्यू, लेप्टोमुळे कोणालाही मान वर करायला फुरसत नसते. गणपतीत अर्धी वस्ती कोकणात आणि मे महिन्यात उरलेली गावाला. म्हणून दिवाळी झाली की प्रश्न ठरवायला घ्या, डिसेंबरात आराखडा, जानेवारी-फेब्रुवारीत परवानग्या, मार्च-एप्रिलमध्ये माहिती गोळा करणं. मेमध्ये घराघरात फिरलात तर जे गावाला जाऊ शकले नाहीत तेच भेटतील आणि तुमचं उत्तर त्यांच्यापुरतंच राहील. मोजणी आणि लिखाण पावसाळ्यात, दवाखान्यात बसून होतं.

प्रश्न शोधणं

इथे घाई करू नका. माझ्या अनुभवात चार बैठका नुसत्या प्रश्नावर जातात आणि त्या वाया जात नाहीत.

पहिल्या बैठकीत प्रत्येकीने एकच वाक्य पुरं करायचं: “मला कळत नाही की…” एमओंनी सर्वांत शेवटी बोलायचं, नाहीतर सगळ्याजणी मॅडमचंच वाक्य फिरवून सांगतात. मग अशी वाक्यं येतात: “मला कळत नाही की बीपीचे पुरुष पहिल्या वेळी गोळ्या नेतात आणि नंतर दिसतच का नाहीत.” “मला कळत नाही की दुसऱ्या बाळंतपणाला बायका नाव उशिरा का नोंदवतात.” “मला कळत नाही की टीबीच्या तपासणीला थुंकीचा डबा दिला तरी माणूस तो परत का आणून देत नाही.” फळ्यावर सगळी लिहा, जशी बोलली तशी.

दुसऱ्या बैठकीत प्रत्येक वाक्याला चार गोष्टी विचारा. याच्या उत्तराचा थोडा तरी भाग आपल्या रजिस्टरमध्ये आहे का? दोन महिन्यांत माहिती गोळा होईल का? हा प्रश्न विचारल्याने वस्तीत कोणाला त्रास होईल का? आणि सर्वांत महत्त्वाचं, उत्तर मिळालं तर आपल्या केंद्रात आपण काही बदलू शकू का? या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ चांगले विषय गळतात. शहरात मधुमेह का वाढतोय हा मोठा प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर घेऊन हेल्थ पोस्ट काय करणार?

आपण बीपीच्या पुरुषांचंच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. मूळ वाक्यात तक्रार आहे, प्रश्न नाही. तिसऱ्या बैठकीत त्यात कोण, कुठे, कधी आणि काय मोजायचं हे भरायचं. मग असा प्रश्न तयार होतो: ‘आपल्या दवाखान्यात गेल्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर या काळात बीपीसाठी नव्याने नोंद झालेल्या ३० वर्षांवरील रुग्णांपैकी किती जणांनी पुढच्या सहा महिन्यांत दोन किंवा अधिक वेळा गोळ्या नेल्या नाहीत? हे प्रमाण पुरुषांत आणि स्त्रियांत वेगळं आहे का? न येण्याची कारणं ते काय सांगतात?’ पहिल्या दोघांना आकडे लागतात, तिसऱ्याला गप्पा. दोन्ही पद्धती एकाच कामात शिकता येतात म्हणून असा प्रश्न मला आवडतो.

चौथी बैठक, हे आधी कोणी शोधलंय का ते पाहण्यासाठी. मार्गदर्शकाने तीन-चार लेख निवडावेत आणि त्यातला एक लेख टीमला मराठीत समजावून सांगावा: त्यांनी काय विचारलं, कोणाला विचारलं, काय सापडलं. सेविका विचारतात, “त्यांनी घर बंद असेल तर काय केलं?” हा प्रश्न आला की समजा शिकवणं लागू पडतंय.

रजिस्टर संशोधकाच्या नजरेने वाचणं

एका केंद्रात आम्ही फॉलोअपचा रकाना मोजायला बसलो होतो. काही ओळींत बरोबरची खूण, काही ओळींत नुसता टिंब. मी टिंब म्हणजे ‘आला नाही’ असं धरून चालले होते. शेजारी बसलेली सेविका म्हणाली, “नाही मॅडम, टिंब म्हणजे तो आला नव्हता पण बायको गोळ्या घेऊन गेली.” दुसरी म्हणाली, “माझ्याकडे टिंब म्हणजे फोन केला होता.” दोघींचं एकच रजिस्टर. त्या दिवशीची मोजणी आम्ही तिथेच थांबवली आणि मी त्या दोघींचे आभार मानले. कारण नुसत्या खुणा मोजल्या असत्या तर सगळं उत्तर चुकलं असतं आणि आम्हाला ते कधी कळलंही नसतं.

म्हणून मोजण्याआधी व्याख्या लिहा, भिंतीवर चिकटवा. ‘आला नाही’ म्हणजे काय? समजा ३० दिवसांच्या गोळ्या देता, तर ठरलेल्या तारखेनंतर सात दिवसांपर्यंत आला तरी ‘आला’. आठव्या दिवसापासून ‘चुकला’. घरच्या कोणी गोळ्या नेल्या तर वेगळा रकाना. गावाला जाताना दोन महिन्यांच्या नेल्या तर त्या दोन महिन्यांत ‘चुकला’ धरायचं नाही. खासगी डॉक्टरकडे गेला असेल तर तेही वेगळं. मग दोघींनी एकमेकींचं न बघता त्याच ३० ओळी तपासायच्या आणि ताडून पाहायच्या. सहा-सात ओळींत फरक निघाला तर चूक बहुतेक व्याख्येत असते, बाईत नसते.

आणखी एक सराव करून घ्या, त्यात सगळ्यांचे डोळे उघडतात. रजिस्टरमधल्या बीपीच्या कुठल्याही सलग १०० नोंदी घ्या, त्यांतला वरचा (सिस्टोलिक) आकडा पाहा आणि शेवटचा अंक काय आहे ते मोजा. पाऱ्याच्या मशीनवर खुणा दोन-दोनच्या असतात, म्हणजे शेवटी ०, २, ४, ६, ८ साधारण सारखे, प्रत्येकी वीसच्या आसपास यायला हवेत. प्रत्यक्षात शून्याचाच ढीग दिसला तर आपण आकडा नीट न वाचता जवळच्या दहावर नेऊन ठेवतो आहोत. १३६ चा १४० झाला की त्या माणसाला उगाच रुग्ण ठरवलं जातं आणि १४४ चा १४० झाला तर आजार आटोक्यात येतोय असं वाटतं. या सरावात कोणाचं नाव घेऊ नका, कोणाला बोल लावू नका. सगळ्यांनी मिळून मोजायचं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मोजायचं.

किती जण घ्यायचे

यादीत ३०० जण असतील तर सगळेच घ्या, नमुना कशाला? हजाराच्या वर असतील तर निवड लागते. पीएसएमच्या पुस्तकातलं जुनं सूत्र इथे पुरतं: अपेक्षित टक्केवारी घ्या, तिला शंभरातून उरलेल्या टक्केवारीने गुणा, त्याला चारने गुणा आणि जितकी चूक चालेल तिच्या वर्गाने भागा. काहीच अंदाज नसेल तर ५० टक्के धरा. दहा टक्क्यांची चूक चालत असेल तर ४ × ५० × ५० ÷ १०० म्हणजे १०० जण. पाच टक्केच चालत असेल तर भागायचं २५ ने, म्हणजे ४०० जण. चूक अर्धी करायला माणसं चौपट लागतात हे टीमला पाटीवर करून दाखवा.

निवडताना मनाने नावं घ्यायची नाहीत. यादी १२०० ची आणि हवेत १००, तर दर बारावा. सुरुवात कुठून हे एक ते बाराच्या चिठ्ठ्यांतून एक उचलून ठरवा. उचलणारी सेविका असू दे.

परवानगी आणि संमती

यात आडवळण नको. पालिकेच्या नोंदी वापरायच्या तर आरोग्य खात्याची लेखी परवानगी आणि संशोधन म्हणून करायचं तर एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी, दोन्ही माहिती गोळा करण्याआधी. मागाहून मिळत नाही. मार्गदर्शक ज्या कॉलेजचा आहे तिथल्या कमिटीकडे अर्ज करणं सोपं पडतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अर्जाची छाननी तीन प्रकारे होऊ शकते: सूट, जलद आणि संपूर्ण कमिटीपुढे. कुठल्या प्रकारे करायची हे कमिटी ठरवते, आपण ठरवायचं नसतं.

कागदापेक्षा अवघड गोष्ट दारात घडते. सेविका वस्तीतलीच असते. तिने बाळाला लसीसाठी नेलेलं, बाळंतपणाला सोबत केलेली. तिला ‘नाही’ म्हणणं कोणाला जमणार? आणि मनातलं खरं कारण, दारू असो किंवा घरातलं भांडण, शेजारच्या ताईला कोण सांगणार? यावर उपाय एकच मला पटलाय. मुलाखतीपुरते सेविकांचे भाग अदलाबदल करा. लोकांना कमी ओळखीची बाई पाठवा.

संमतीपत्र मराठीत, दोन मिनिटांत वाचून होईल असं. वस्तीप्रमाणे हिंदी, उर्दू, तमिळ किंवा तेलुगू. सही म्हटलं की झोपडपट्टीत पहिला प्रश्न येतो, “एसआरएचा सर्व्हे आहे का?” म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाचा. घराची भीती फार खरी असते, तिला हसू नका. पहिल्याच वाक्यात सांगा की याचा घराशी, रेशन कार्डाशी काही संबंध नाही, नाही म्हटलंत तरी गोळ्या तशाच मिळतील आणि मध्येच उठून जायचं असेल तरी चालेल. वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवताना टीमबाहेरचा एक साक्षीदार हवा, मग अंगठा घ्यायचा. फॉर्मवर नाव नाही, फक्त कोड. नाव आणि कोड जोडणारी वही एकच आणि ती एमओंच्या कुलपात. मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकणं पूर्ण बंद, कामाची तातडी कितीही असो.

दारात बसून विचारणं

“गोळ्या नियमित घेता का?” असं विचारलं तर चाळीतला प्रत्येक काका “घेतो की” म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, सिस्टरचा मान राखत असतो. त्याऐवजी: “काका, कामाच्या गडबडीत बहुतेकांची गोळी कधी ना कधी राहते. गेल्या सात दिवसांत तुमची किती वेळा राहिली?” आणि मग, “पाकीट दाखवता का?” उरलेल्या गोळ्या मोजायच्या.

‘का येत नाही’ याला पर्याय देऊन खुणा करायला लावू नका. गप्पा मारा आणि त्यांचेच शब्द लिहा. “दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा पडतो” असं एखादा सांगेल. सेविकेने ते ‘वेळेचा अभाव’ असं लिहिलं तर सगळं हातातून गेलं. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. ‘वेळेच्या अभावा’वर दवाखाना काही करू शकत नाही. खाड्यावर करू शकतो, संध्याकाळी औषधांची खिडकी उघडू शकतो. अशा गप्पांना १२ ते १५ माणसं लागतात. नवीन काही कानावर येईनासं झालं की थांबायचं.

सासू शेजारी बसलेली असताना सुनेला, बायको समोर असताना नवऱ्याला विचारू नका. दहा बाय दहाच्या खोलीत एकांत कुठून आणणार? जिन्यापाशी, मंदिराच्या पायरीवर, नाहीतर दवाखान्यातल्या लसीकरणाच्या खोलीत, दुपारी ती रिकामी असते.

आता बंद घरं. पल्स पोलिओत दारावर खडूने ‘एक्स’ लिहून आपण त्या घरी पुन्हा जातो, तीच शिस्त इथे पाळा. सकाळी अकराला फिरलात तर कामावर जाणारे पुरुष आणि घरकामाला जाणाऱ्या बायका दोन्ही सुटतात आणि नेमके गोळ्या चुकवणारे बहुधा तेच असतात. किमान तीन फेऱ्या, त्यातली एक संध्याकाळी किंवा रविवारी. तरी न भेटलेल्यांच्या जागी शेजारचा माणूस घ्यायचा नाही. ‘भेटले नाहीत’ असं लिहायचं आणि किती ते अहवालात सांगायचं.

हे सगळं आधी दहा घरांत करून बघा, ही घरं खऱ्या नमुन्याबाहेरची. प्रश्न कुठे अडतो ते लगेच कळतं.

मोजणी

कागदावरचे फॉर्म एक्सेलच्या एकाच मोठ्या तक्त्यात (मास्टर चार्ट) भरा, नाहीतर कोबो टूलबॉक्सवर थेट मोबाइलमधून. एकीने भरलेल्यातले दहा टक्के दुसरीने तपासायचे. सॉफ्टवेअरवर वेळ घालवू नका, मार्गदर्शक बघेल. पण पहिली मोजणी हाताने, उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, सगळ्यांसमोर. स्वतःच्या हाताने रेघ ओढलेला आकडा बाई विसरत नाही.

समजा २४० जणांत ९६ जणांनी दोन किंवा जास्त वेळा चुकवलं. म्हणजे ४० टक्के. १०० पुरुषांत ६० आणि १४० स्त्रियांत ३६. इथे हमखास कोणीतरी म्हणतं, “९६ मधले ६० पुरुष, म्हणजे ६२.५ टक्के पुरुष चुकवतात.” थांबवा. शंभर पुरुषांतले किती चुकले हे आपण विचारलंय, चुकलेल्यांत पुरुष किती हे नाही. उत्तर पुरुषांत ६० टक्के, स्त्रियांत सुमारे २६ टक्के. भागायचं कोणत्या आकड्याने, एवढं एक समजलं तरी टीम पुढे वर्तमानपत्रातली आकडेवारीही वेगळ्या नजरेने वाचते.

फरक दिसला म्हणून कारण सापडलं असं नाही. पुरुष चुकवतात की कामावर जाणारे चुकवतात? कामावर जाणाऱ्या स्त्रिया वेगळ्या काढून बघा. त्यांचंही प्रमाण जास्त निघालं तर गोष्ट दवाखान्याच्या वेळेशी येऊन ठेपते.

लिहिणं आणि परत जाणं

पहिला मसुदा मराठीत, चार पानांत: काय विचारलं, कसं शोधलं, काय सापडलं, कुठे कमी पडलो, काय बदलायचं सुचवतो. इंग्रजी लेख नंतर, मार्गदर्शकाच्या मदतीने. लेखकांच्या यादीत कोणाची नावं, हे पहिल्याच महिन्यात लिहून ठेवा. जिने प्रश्न घडवला, माहिती आणली, अर्थ लावायला बसली आणि मसुदा वाचून दुरुस्त केला, ती सेविका लेखक आहे. तिला इंग्रजी येत नाही ही अडचण आपली, मसुदा मराठीत वाचून दाखवायची जबाबदारीही आपली. ‘आभार’ या शब्दाखाली तिला ढकललेलं मी पाहिलंय. तिने तो छापील लेख घरी नेला होता, नवऱ्याला आपलं नाव दाखवायला, आणि तिला ते सापडलं नाही.

पुढे शिकायची इच्छा ज्या सिस्टर किंवा डॉक्टरला होईल, त्यांनी चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाचा ऑनलाइन कोर्स करावा. तो एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर आहे आणि नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. सेविकांसाठी मराठीत असं काही मी अजून पाहिलेलं नाही. पीएसएमच्या विभागांनी ते तयार करायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

उत्तर आधी वस्तीत सांगा, मग वरिष्ठांना. महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये किंवा चाळीच्या चौकात, दहा मिनिटं, एक मोठा कागद, त्यावर दोनच आकडे. सांगायचं काम सेविकांचं. लोक विचारतील, “मग आता काय करणार?” या प्रश्नाला उत्तर तयार ठेवून जा. संध्याकाळची खिडकी आठवड्यातून दोन दिवस उघडायला परवानगी मिळाली असेल तर तारीख सांगा. मिळाली नसेल तर कोणाकडे अर्ज दिला आणि कधी दिला ते सांगा. सहा महिन्यांनी तेच रजिस्टर, तीच व्याख्या, तीच मोजणी पुन्हा करायची आहे हेही सांगा. त्या वेळी मोजायला कोण बसणार त्यांची नावं त्याच कागदावर खाली लिहून ठेवा.